जोडताऱ्यांतून येणारे गॅमा किरण कसे टिपतात?

तारा जितका अधिक तापलेला, तितका त्याचा प्रकाश अधिक ऊर्जेचा असतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे आणि त्याच्या प्रकाशातल्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा साधारण दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक आहे). तीस हजार अंशांच्या निळ्या ताऱ्याचे फोटॉन याहून काही पट ऊर्जावान असतात, पण त्यापलीकडे उष्णतेची मजल फारशी जात नाही. असे असूनही आकाशगंगेतल्या काही जोडताऱ्यांकडून, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांकडून, एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एक टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि त्याहूनही जास्त ऊर्जेचे फोटॉन आपल्यापर्यंत पोहोचतात. क्ष-किरणांहूनही अधिक ऊर्जेच्या अशा फोटॉनांना गॅमा किरण म्हणतात. निव्वळ उष्णतेतून असा फोटॉन निर्माण व्हायचा असेल, तर पदार्थाचे तापमान एकावर सोळा शून्ये इतके अंश असावे लागेल, आणि इतका तप्त तारा कुठेही नाही. तेव्हा ही ऊर्जा उष्णतेतून येत नाही. मोजक्या विद्युतभारित कणांना प्रकाशवेगाच्या अगदी जवळ नेणारी एखादी यंत्रणा तिथे काम करत असली पाहिजे.

कणांना असा वेग देणाऱ्या जागा विश्वात इतरही आहेत. वृषभ तारकासमूहातला क्रॅब तेजोमेघ हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण आहे. पण तिथली एकंदर परिस्थिती शतकानुशतके सावकाश बदलते, त्यामुळे निरीक्षकाच्या हाती जवळजवळ एकच चित्र येते. जोडताऱ्यांत मात्र दोन्ही घटकांमधले अंतर, भोवतालच्या वायूची घनता, ताऱ्याच्या प्रकाशाची तीव्रता आणि आपण ज्या कोनातून पाहतो तो कोन, हे सारे काही दिवसांत किंवा महिन्यांत बदलते आणि पुढच्या फेरीत पुन्हा तसेच घडून येते. एक घटक बदलून परिणाम पाहण्याची जी सोय भौतिकशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत असते, ती खगोलशास्त्रज्ञाला इतक्या नेमकेपणाने क्वचितच मिळते. जोडताऱ्यांच्या गॅमा किरणांचे खरे महत्त्व माझ्या मते या नियमित बदलात आहे.

येथे एक भेद सांगायला हवा. क्ष-किरण देणारे जोडतारे आकाशगंगेत शेकड्यांनी माहीत आहेत. त्यांत न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा, किंवा कृष्णविवर आपल्या साथीदाराचा वायू ओढून घेते, तो वायू चकतीच्या रूपात फिरत आत पडताना काही दशलक्ष अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण टाकतो. हंस तारकासमूहातला सिग्नस एक्स-१ हा त्या वर्गाचा नमुना आहे. गॅमा किरणांचे जोडतारे याहून वेगळे असतात. साथीदार ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश वजा केला, तर त्यांच्या उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग गॅमा किरणांतच बाहेर पडतो. असे जोडतारे आजवर डझनाच्या आसपासच सापडले आहेत आणि त्या प्रत्येकात एक घटक सूर्याच्या कित्येक पट वस्तुमानाचा तप्त तारा आहे.

त्यांपैकी सर्वांत स्वच्छपणे समजलेला जोडतारा त्रिशंकूच्या दिशेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहाच्या सुमारास कोकणातून किंवा गोव्यातून त्रिशंकू दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर दिसतो. त्याच्या सर्वांत खालच्या ठळक ताऱ्याच्या पूर्वेला सुमारे चार अंशांवर एलएस २८८३ हा तारा आहे. तो दहाव्या प्रतीचा असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने या ताऱ्याभोवती फिरणारा एक पल्सार शोधला आणि १९९२ मध्ये तो जाहीर झाला. पीएसआर बी१२५९-६३ असे त्याचे नाव आहे. हा पल्सार म्हणजे स्वतःभोवती ४८ मिलिसेकंदांत एक गिरकी घेणारा न्यूट्रॉन तारा आहे. त्याचा रेडिओ झोत दर गिरकीला आपल्यावरून फिरतो आणि आपल्याला एक स्पंद मिळतो. त्याच्या रेडिओ स्पंदांच्या वेळा मोजून कक्षा अत्यंत अचूक काढता आली: एका फेरीला सुमारे १,२३७ दिवस, म्हणजे जवळजवळ ३.४ वर्षे लागतात आणि कक्षा कमालीची लांबट आहे. सर्वांत जवळ असताना, म्हणजे निकटबिंदूला, पल्सार ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराहून थोडा कमी दूर असतो. सर्वांत लांब असताना तो त्या अंतराच्या सुमारे तेरा पट, म्हणजे आपल्या शनीच्याही पलीकडे इतका दूर जातो. अंतरात चौदा पट फरक पडतो, म्हणजे पल्सारवर पडणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाच्या तीव्रतेत सुमारे दोनशे पट फरक पडतो.

तिथे नेमके घडते काय? पल्सारची गिरकी हळूहळू मंदावत असते आणि त्यातून सुटणारी ऊर्जा सूर्याच्या एकूण तेजाच्या सुमारे दोनशे पट भरते. ती ऊर्जा इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन (म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन) आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या वेगवान वाऱ्याच्या रूपात बाहेर फेकली जाते. समोरून तप्त ताऱ्याचा वारा येत असतो. शिवाय एलएस २८८३ स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की त्याच्या विषुववृत्ताभोवती दाट वायूची एक चकतीही तयार झाली आहे. दोन्ही वारे जिथे एकमेकांना अडवतात तिथे आघाततरंग उभा राहतो, आणि त्या सीमेवर पुन्हा पुन्हा ये-जा करताना इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढत जाते. हे इलेक्ट्रॉन दोन प्रकारे ऊर्जा टाकतात. चुंबकीय क्षेत्रात वळताना ते रेडिओ लहरी आणि क्ष-किरण देतात. ताऱ्याच्या प्रकाशातला एखादा साधा फोटॉन त्यांच्या वाटेत आला, तर त्याला धडक देऊन ते आपल्या ऊर्जेचा मोठा भाग त्याच्या हवाली करतात आणि तो फोटॉन गॅमा किरण होऊन निघतो. या दुसऱ्या प्रक्रियेला व्युत्क्रमी कॉम्प्टन विकिरण म्हणतात. म्हणूनच पल्सार ताऱ्याच्या जवळ गेला की गॅमा किरण वाढायला हवेत, असे भाकीत १९९० च्या दशकातच मांडले गेले होते.

ते पडताळून पाहणे सोपे नव्हते, कारण पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण आणि गॅमा किरण दोन्ही शोषून घेते. क्ष-किरणांसाठी उपग्रहाला पर्याय नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेली भारताची अ‍ॅस्ट्रोसॅट ही वेधशाळा अशा जोडताऱ्यांसाठी विशेष उपयोगी ठरली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था यांचा तिच्या उपकरणांत मोठा वाटा आहे. क्ष-किरणांच्या वरच्या ऊर्जेच्या पट्ट्यात, सुमारे दहा कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपासून काही हजार कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टांपर्यंत, जून २००८ मध्ये सोडलेली फर्मी ही अवकाश दुर्बीण काम करते. सोयीसाठी याला गिगा पट्टा म्हणू. फर्मीत आरसा नाही, कारण इतक्या ऊर्जेचा फोटॉन आरशावरून परावर्तित होत नाही. टंगस्टनच्या पातळ पत्र्यात तो शिरला की त्याचे एका इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत रूपांतर होते, सिलिकॉनच्या थरांत त्या जोडीची वाट नोंदली जाते आणि वाटेवरून मूळ फोटॉनची दिशा काढली जाते. फर्मी दर तीन तासांत सारे आकाश एकदा पाहून घेते. कुठला जोडतारा कधी उजळेल हे ठाऊक नसताना या सततच्या पहाऱ्याचे मोल फार मोठे आहे.

त्याहून वरच्या टेरा पट्ट्यात फोटॉन इतके विरळ होतात की फर्मीचे सुमारे एक चौरस मीटरचे प्रभावी क्षेत्रफळ अपुरे पडते. तिथे जे वातावरण अडथळा होते, त्यालाच उपकरण केले जाते. टेरा पट्ट्यातला गॅमा फोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात शिरला की त्याची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होते, ती जोडी नवे गॅमा फोटॉन निर्माण करते, त्यांच्या पुन्हा जोड्या होतात आणि पाहता पाहता कणांचा एक वर्षाव खाली येऊ लागतो. हवेत प्रकाशाचा वेग निर्वातापेक्षा किंचित कमी असतो आणि हे कण त्या वेगाला मागे टाकतात. वेगवान होडीच्या मागे पाण्यावर जशी पाचरीसारखी लाट उमटते, तशी त्यांच्या मागे निळसर प्रकाशाची शंक्वाकृती लाट उमटते. हाच चेरेन्कोव्ह प्रकाश होय. तो एका सेकंदाच्या शंभर कोटी भागांपैकी जेमतेम पाच-दहा भाग टिकतो, पण जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर व्यासाचे वर्तुळ उजळून जातो. त्या वर्तुळात कुठेही मोठा आरसा आणि अतिजलद कॅमेरा असला की तो फोटॉन नोंदला जातो. त्यामुळे दुर्बिणीचे प्रभावी क्षेत्रफळ तिच्या आरशाएवढे न राहता लाखभर चौरस मीटरच्या घरात जाते.

खरी अडचण निवडीची आहे. एका गॅमा फोटॉनमागे हजारो वैश्विक किरण, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन, वातावरणावर आदळतात आणि असाच प्रकाश उमटवतात. गॅमा किरणाच्या वर्षावाची प्रतिमा सडपातळ लंबवर्तुळासारखी असते आणि तिचा अक्ष उगमाकडे रोखलेला असतो, तर प्रोटॉनची प्रतिमा रुंद आणि विस्कटलेली असते. मायकेल हिलास यांनी १९८५ मध्ये हा फरक मोजण्याची पद्धत मांडली आणि १९८९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीने क्रॅब तेजोमेघाचे टेरा पट्ट्यातले गॅमा किरण निर्विवादपणे दाखवून दिले. चार-पाच दुर्बिणींनी एकच वर्षाव वेगवेगळ्या बाजूंनी पाहिला तर ही निवड आणखी काटेकोर होते.

नामिबियातल्या हेस या वेधशाळेत १२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी आहेत. त्यांनी २००४ च्या निकटबिंदूच्या आधी आणि नंतर पीएसआर बी१२५९-६३ चे वेध घेतले आणि टेरा पट्ट्यातले गॅमा किरण देणारा पहिला जोडतारा नोंदवला गेला. भाकीत खरे ठरले, पण पूर्णपणे नाही. केवळ अंतराचा हिशेब असता तर तेज निकटबिंदूलाच सर्वाधिक व्हायला हवे होते. प्रत्यक्षात या आणि पुढच्या फेऱ्यांची मोजमापे एकत्र केल्यावर निकटबिंदूच्या आधी एक आणि नंतर एक, अशी दोन शिखरे दिसली. वायूची चकती कक्षेच्या पातळीला तिरकी असल्यामुळे पल्सार तिला दोनदा छेदतो आणि ही शिखरे त्या छेदांच्या सुमारास येतात. क्ष-किरण आणि रेडिओ लहरीही त्याच सुमारास वाढतात. पल्सारचे रेडिओ स्पंद मात्र निकटबिंदूच्या आधीचे आणि नंतरचे दोन-अडीच आठवडे नाहीसे होतात, कारण आपण आणि पल्सार यांच्या मध्ये दाट वायू आलेला असतो.

१५ डिसेंबर २०१० च्या निकटबिंदूला फर्मी प्रथमच या घटनेसाठी हजर होती आणि तिने जे टिपले ते कोणीच अपेक्षिलेले नव्हते. निकटबिंदूला गिगा पट्ट्यात तेज अगदी थोडे होते. सुमारे तीस दिवसांनी, पल्सार चकतीतून बाहेर पडून दूर जाऊ लागल्यावर, गिगा पट्ट्यातले तेज एकदम वाढले आणि कित्येक आठवडे टिकले. त्या वेळी टेरा पट्ट्यात तशी वाढ दिसली नाही. या भडक्यात पल्सारची जवळजवळ सारी ऊर्जा गॅमा किरणांत जात असावी, असा हिशेब निघाला. २०१४ मध्ये भडका पुन्हा आला. २०१७ मध्ये तो तुटक तुटक, अगदी काही मिनिटांच्या झटक्यांत आला आणि त्यांतल्या काही झटक्यांचे तेज, ते सर्व दिशांना सारखे पसरते असे धरले तर, पल्सारच्या एकूण ऊर्जेच्याही कितीतरी पुढे जात होते. ऊर्जा शून्यातून येत नाही. म्हणून एकच अर्थ निघतो: हे किरण सर्व दिशांना न जाता अरुंद झोतात निघत असले पाहिजेत आणि तो झोत आपल्याकडे वळलेला असला पाहिजे. आघाततरंगामागून वेगाने वाहणारा पदार्थ असा झोत निर्माण करू शकतो. पण मग २०२१ मध्ये हाच भडका निकटबिंदूनंतर तब्बल ५५ दिवसांनी का सुरू झाला, याचे उत्तर केवळ कोनातून मिळत नाही, कारण कक्षा तर तीच आहे. प्रत्येक फेरीत बदलू शकते ती ताऱ्याभोवतालची चकती. ती कधी दाट, कधी विरळ, कधी पल्सारच्या धक्क्याने फाटलेली असते. म्हणून आता दृश्य प्रकाशाच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषेवरून चकतीची अवस्थाही त्याच दिवसांत मोजली जाते.

या जोडताऱ्याचा पुढचा निकटबिंदू नोव्हेंबर २०२७ मध्ये येतो. चेरेन्कोव्ह दुर्बिणींना काळोखी, चंद्रहीन रात्र लागते आणि नोव्हेंबरमध्ये हा भाग नामिबियाच्या आकाशात पहाटेपूर्वी थोडाच वेळ आणि कमी उंचीवर दिसतो. त्यामुळे पहिल्या शिखराचे वेध कठीण जातील. गिगा पट्ट्यातला भडका जिथे अपेक्षित आहे तो डिसेंबर-जानेवारीचा काळ मात्र पहाटेच्या वेधांसाठी चांगला आहे.

कक्षा लहान असेल तर वाट पाहावी लागत नाही, पण तिथे वेगळी युक्ती वापरावी लागते. तप्त तारा आणि एक अदृश्य साथीदार असलेल्या एलएस ५०३९ या जोडताऱ्याची फेरी ३.९ दिवसांची आहे. एका रात्रीत हाती लागणारे फोटॉन इतके थोडे असतात की त्यांतून चढउतार दिसणे अशक्यच असते. म्हणून प्रत्येक फोटॉन कक्षेच्या कोणत्या टप्प्यावर आला ते काढतात आणि शेकडो फेऱ्यांतले एकाच टप्प्यावरचे फोटॉन एकत्र मोजतात. असे केल्यावर हेसच्या नोंदींत ३.९ दिवसांचा स्पष्ट ताल दिसला. फर्मीनेही तोच ताल पाहिला, पण उलटा. अदृश्य साथीदार आपल्या बाजूला असतो तेव्हा टेरा पट्टा उजळ आणि गिगा पट्टा मंद असतो, आणि तो ताऱ्याच्या मागे गेला की याच्या विरुद्ध घडते. कारण असे, की मागे असताना गॅमा किरणांना ताऱ्याच्या दाट प्रकाशातून यावे लागते. टेरा पट्ट्यातला फोटॉन ताऱ्याच्या साध्या फोटॉनवर आदळला तर दोघे मिळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी तयार होते आणि गॅमा किरण नाहीसा होतो. गिगा पट्ट्यातल्या फोटॉनांची ऊर्जा त्यासाठी पुरत नाही, त्यामुळे ते सुखरूप येतात. शिवाय त्या स्थितीत इलेक्ट्रॉन आणि ताऱ्याचे फोटॉन समोरासमोर धडकत असल्यामुळे गिगा पट्ट्यातली निर्मितीही वाढते. एकाच तालाच्या दोन पट्ट्यांतल्या या विरोधातून कक्षेची मांडणी वाचता येते, हे मला या विषयातले सर्वांत देखणे अनुमान वाटते.

ताल शोधताना सावधगिरी का लागते, हे सिग्नस एक्स-३ या जोडताऱ्याच्या इतिहासावरून कळते. त्याची फेरी केवळ ४.८ तासांची आहे. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील येथील संशोधकांनी त्याच्याकडून टेरा पट्ट्याच्याही सुमारे हजार पट वरच्या ऊर्जेचे गॅमा किरण याच तालात आल्याचे जाहीर केले. जगभर शोध सुरू झाला, पुढे पुष्कळ मोठ्या आणि अधिक संवेदनशील यंत्रणांनी १९९० च्या आसपास पाहिले, तेव्हा तो संकेत सापडला नाही. थोड्या फोटॉनांत, अनेक कालावधी आणि अनेक टप्पे तपासत राहिले, तर योगायोगानेही ताल सापडतो. आज एखादा दावा करताना आपण किती पर्याय तपासले याचा हिशेब त्या दाव्यातून वजा केला जातो, ही शिस्त त्या अनुभवानंतर अधिक पक्की झाली. गिगा पट्ट्यात सिग्नस एक्स-३ चे गॅमा किरण आणि त्यांतला ४.८ तासांचा ताल २००९ मध्ये निश्चित झाला.

शर्मिष्ठा तारकासमूहातल्या एलएस आय +६१ ३०३ ची कथा ओळख पटवण्याची आहे. १९७५ मध्ये सोडलेल्या कोस-बी उपग्रहाने त्या दिशेला गॅमा किरणांचा एक उगम नोंदवला होता, पण त्याची जागा सुमारे एक अंशापर्यंतच, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट रुंदीइतकीच, निश्चित होती. १९७८ मध्ये त्याच परिसरात बदलते रेडिओ तेज असलेला हा जोडतारा सापडला. दोन्ही एकच आहेत हा संशय बळकट होता, पण ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणीने २००६ मध्ये त्याचे टेरा पट्ट्यातले गॅमा किरण बदलताना दाखवले आणि २००९ मध्ये फर्मीने २६.५ दिवसांच्या फेरीचा ताल पकडला, तेव्हा कुठे तो पूर्ण मिटला. याच्या तेजात १,६६७ दिवसांचा आणखी एक संथ चढउतारही आहे.

महाराष्ट्राचा या जोडताऱ्याशी थेट संबंध आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने, कमी वारंवारतेवर घेतलेले त्याचे वेध युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या वेधांसह अभ्यासले गेले. कमी वारंवारतेवर तेजाची कमाल कक्षेच्या वेगळ्या टप्प्यावर येते, असे त्यातून दिसले. कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी दाट वायूत अधिक शोषल्या जातात. त्या ज्या टप्प्यावर बाहेर निसटतात त्यावरून, इलेक्ट्रॉनांचा ढग ताऱ्यापासून किती दूर पसरल्यावर पारदर्शक होतो याचा अंदाज बांधता येतो. लडाखमधल्या हानले येथे सुमारे ४,२७० मीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटर व्यासाची मेस ही चेरेन्कोव्ह दुर्बीण आहे. तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले आणि उत्तर आकाशातला हा जोडतारा तिच्या आवाक्यात येतो. त्रिशंकूजवळचा पल्सार मात्र हानलेच्या क्षितिजावर कधीच उगवत नाही.

एलएस आय +६१ ३०३ मधला अदृश्य साथीदार कृष्णविवर आहे की पल्सार, हा वाद चार दशके चालला. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या फास्ट या ५०० मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला त्या दिशेकडून २६९ मिलिसेकंदांच्या तालातले रेडिओ स्पंद मिळाले आणि २०२२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पल्सारच्या बाजूने इतका सबळ पुरावा आधी नव्हता. पण चार वेळच्या निरीक्षणांपैकी स्पंद एकदाच दिसले, आणि दाट वायूत फिरणाऱ्या पल्सारकडून ते अपेक्षितही आहे. हेच स्पंद कक्षेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मिळाले, तर पल्सार आपल्याकडे येताना स्पंदांमधले अंतर किती घटते आणि दूर जाताना किती वाढते हे मोजता येईल. पीएसआर बी१२५९-६३ ची कक्षा जशी काढली गेली, तशी याचीही काढता येईल आणि तप्त ताऱ्याच्या गतीशी तिची सांगड घातली की दोघांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर हाती येईल.